परसातले अनोळखी फुलझाड : मोगरा, भारंगी की आणखी काही?

आगरवाट :

नमस्कार. चिपळूण तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या परसात एक फुलझाड भलतेच पसरले आहे. त्याचे नाव काय आणि त्याला आवर कसा घालायचा, असे माझे दोन प्रश्न आहेत. येथे छायाचित्र चढवण्याइतका नेटला वेग मिळत नाही, त्यामुळे झाड जसे दिसते तसे शब्दांत मांडते. काही सांगायचे राहिले असेल तर अवश्य विचारावे, मी परसात जाऊन पुन्हा पाहून येईन.

घर तीन वर्षे बंद होते. यजमान निवृत्त झाल्यावर गेल्या वर्षीच्या शिमग्यात आम्ही सासूबाईंना घेऊन येथे कायमचे राहायला आलो, तेव्हा मोरीचे पाणी जेथे बाहेर पडते तेथे, फणसाच्या सावलीत, या झाडाच्या चार-पाच काठ्या उभ्या होत्या. फुले देखणी आणि सुवासिक होती, म्हणून कोणी हात लावला नाही. आज त्याने सुमारे १२ फूट लांब आणि ८ फूट रुंद असा पट्टा व्यापला आहे आणि हळदीच्या वाफ्यात, चिऱ्यांच्या फरशीच्या फटींत, विहिरीच्या कठड्याजवळ, जेथे पाहावे तेथे त्याचे कोंब दिसत आहेत. यंदा मे महिन्यात यजमानांनी सगळी झुडपे कोयत्याने जमिनीलगत छाटली होती. पाऊस पडल्यावर एकेका काठीच्या जागी पाच-सहा कोंब आले आणि गणपतीपर्यंत ते छातीइतके उंच झाले.

पाने मोठी आहेत, माझ्या पसरलेल्या पंजाएवढी, देठाकडे रुंद आणि टोकाकडे निमुळती, थोडीशी पिंपळपानासारखी. मात्र पिंपळाची चकाकी त्यांना नाही. पान दोन्ही बाजूंनी लवदार लागते आणि कडा दातेरी आहे. फुले फांदीच्या शेंड्याला गुच्छाने येतात. कळ्या गुलाबी-जांभळ्या आणि उमललेले फूल पांढरे, त्यावर फिकट गुलाबी झाक. पाकळ्या इतक्या दाटीने की एकेक फूल लहानसा गुलाब वाटावा. संध्याकाळनंतर वास थेट मोगऱ्याचा येतो. उलट पान चुरगळले तर असा उग्र दर्प येतो की हात साबणाने धुवावा लागतो.

शेजारी या झाडाला मोगरा म्हणतात. चिपळूणच्या एका रोपवाटिकेत फांदी दाखवली तर त्यांनी हायड्रेंजिया असे सांगितले. मदतीला येणाऱ्या काकूंनी भारंगी म्हणून जूनमध्ये कोवळी पाने भाजीसाठी खुडलीही होती. सासूबाईंनी वास घेऊन ती टाकून द्यायला लावली. आता यजमान तणनाशक आणण्याच्या विचारात आहेत, तर सासूबाईंना देवपूजेच्या फुलांसाठी झाड हवे आहे. दोघांचेही समाधान होईल असा मार्ग असेल तर फार बरे होईल.


पानशिरा :

आगरवाट ताई, वर्णन उत्तम केले आहे. मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो आणि विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे की झाडाचे नाव आधी कोणाला विचारू नये, आधी झाडालाच चार प्रश्न विचारावेत. एक अंदाज माझ्या मनात आला आहे, परंतु आपण पुढील गोष्टी पाहून कळवल्यात तर तो छातीठोकपणे सांगता येईल.

कोवळी फांदी बोटांत फिरवून पाहावी, ती गोल लागते की चौकोनी. पाने एका पेरावर समोरासमोर आहेत की तीन-तीन. पानाचे पाते देठाला जेथे मिळते तेथे बारीक, चपट्या टिकल्यांसारख्या ग्रंथी दिसतात का, हे भिंगाने किंवा चष्मा जवळ धरून तपासावे. एक पूर्ण उमललेले फूल ब्लेडने उभे चिरून त्यात पुंकेसर सापडतात का, ते पाहावे. गेल्या दीड वर्षात या झाडाला एकदाही फळ धरलेले आपण पाहिले आहे का? आणि शेवटी, वाफ्यात आलेल्या एखाद्या कोंबाच्या भोवतीची माती हाताने हळूच बाजूला करून तो बियाणातून उगवलेला आहे, की जमिनीत आडव्या गेलेल्या मुळावर फुटलेला आहे, हे बघावे. माझ्या दृष्टीने हा शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच आहे.

तोवर दोन नावे बाद करता येतात. मोगऱ्याच्या पानाची कडा सरळ असते, दातेरी नसते, आणि त्याचे पान चुरगळले तरी असा दर्प सुटत नाही. हायड्रेंजियाची पाने समोरासमोर व दातेरी असतात आणि फुलांचा गेंदही मोठा असतो, त्यामुळे रोपवाटिकेतील माणसाची चूक समजण्याजोगी आहे. पण ते थंड हवेत रमणारे झाड आहे आणि बागेत लावल्या जाणाऱ्या त्याच्या नेहमीच्या जातींच्या फुलांना मोगऱ्यासारखा सुगंध नसतो. ज्या फुलाने संध्याकाळी परस भरून जातो ते हायड्रेंजिया नव्हे.

भारंगीविषयी मात्र आजच सावध करतो. झाडाचे नाव पक्के होईपर्यंत त्याचा कोणताही भाग कोणाच्याही पोटात जाऊ देऊ नये.


आगरवाट :

पानशिरा सर, आज सकाळी सगळे पाहून आले.

कोवळी फांदी बोथट चौकोनी आहे. पाने समोरासमोर, दोन-दोनच. तीन कोठेही नाहीत. देठाच्या टोकाशी टाचणीच्या डोक्याएवढे चार-पाच ठिपके आहेत आणि त्यांवर मुंग्या फिरत होत्या. तीन फुले चिरली. त्यांपैकी दोघांत पाकळ्यांखेरीज काहीच नव्हते, तिसऱ्यात एक तंतू दिसला, तोही अर्धा पाकळीसारखा चपटा झालेला. फळ आम्ही आजवर पाहिलेले नाही. फुले सुकून तपकिरी होतात आणि गुच्छ तसाच काठीवर राहतो, खाली उरते ते जांभळट रंगाचे पुष्पकोश.

कोंबाचे म्हणाल, तर मला धक्काच बसला. हळदीच्या वाफ्यातील एक कोंब उकरायला घेतला आणि करंगळीएवढे जाड, पांढरट मूळ हाती आले. ते मातीत फार तर वीतभर खोल होते आणि आडवे धावत होते. त्याचा माग काढत मी जवळजवळ ७ फूट गेले, वाटेत त्याच मुळावर आणखी तीन कोंब भेटले आणि पुढे ते फरशीखाली गेले.


पानशिरा :

आता शंका उरली नाही. आपल्या परसात आहे तो हजारी मोगरा. शास्त्रीय नाव क्लेरोडेंड्रम चायनेन्स. जुन्या पुस्तकांत हाच क्लेरोडेंड्रम फ्रॅग्रन्स किंवा क्लेरोडेंड्रम फिलिपिनम या नावांनी भेटतो.

मराठीत मोगरा म्हणत असलो तरी मोगऱ्याशी त्याचे नाते सुगंधापुरतेच आहे. खरा मोगरा हा जाई, जुई आणि पारिजातकाच्या कुळातला, तर हजारी मोगरा तुळशीच्या कुळातला. पूर्वी त्याला घाणेरीच्या कुळात धरत असत. पुढे अभ्यासकांनी साग, निर्गुडी आणि हा सगळा गोतावळा तुळशीच्या कुळात हलवला. आपल्या बोटांना लागलेली चौकोनी फांदी ही या कुळाची नेहमीची खूण. घोटाळ्यात भर म्हणजे, काही रोपवाटिकांत गुच्छाने फुलणाऱ्या खऱ्या मोगऱ्यालाही ‘हजारी’ म्हणूनच विकतात, त्यामुळे केवळ नाव सांगून रोप मागवणाऱ्याच्या हाती यांपैकी काहीही पडू शकते.

हे झाड मूळचे आपल्याकडचे नाही. दक्षिण चीन आणि व्हिएतनामच्या बाजूने ते बागांमधून उष्ण प्रदेशांत सर्वत्र गेले. वनस्पतींना दोन शब्दांची शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिनीयसचा शिष्य पेहर ओसबेक हा स्वीडिश प्रवासी १७५० ते १७५२ या काळात चीनच्या सफरीवर होता. त्याच्या प्रवासवर्णनातून या झाडाचे नाव शास्त्राच्या वहीत चढले, म्हणून आजही त्याच्या पूर्ण शास्त्रीय नावापुढे ओसबेकचा उल्लेख कंसात येतो. पॅसिफिक महासागरातील सामोआ, फिजी यांसारख्या बेटांवर शोभेसाठी नेलेल्या याच झाडाने पुढे मळे आणि कुरणे व्यापली आणि तेथे त्याची गणना उपद्रवी तणांत होते. फुलासाठी बोलावलेला पाहुणा घर बळकावतो तो अनुभव आपल्या एकट्या परसाचा नाही.

आता फुलात जे नव्हते त्याकडे वळू. दुहेरी तगर किंवा दुहेरी जास्वंद पाहिली असेल, त्यांत पुंकेसरांच्या पाकळ्या होऊन फूल दाट बनते. हजारी मोगऱ्यात हेच घडले आहे. आपल्याला दिसलेला चपटा तंतू म्हणजे पाकळी होता होता राहिलेला पुंकेसर. परिणामी बागांतल्या या दाट फुलांच्या झाडाला बी धरत नाही. पाखरू त्याचे बी आणून टाकत नाही, वारा उडवत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर बी वाहत येत नाही. ते पसरते केवळ मुळांनी, आणि एका घरातून दुसऱ्या घरात जाते ते माणसाच्या हाताने, मुळाच्या तुकड्यातून किंवा मातीच्या टोपलीतून. घर बंद असतानाच्या काळात किंवा त्याआधी कोणीतरी ते हौसेने लावले असणार, किंवा भरावाची माती आली असणार. मोरीचा ओलावा आणि फणसाची सावली मिळाल्यावर त्याला दुसरे काय हवे?

मे महिन्यातील छाटणी अंगलट का आली, तेही यातून कळते. वरची काठी जोमात असते तोवर मुळावरचे पुष्कळसे डोळे झोपलेले असतात. काठी छाटली की तो दाब सुटतो आणि मुळात साठवलेल्या अन्नावर ते सगळे डोळे एकदम जागे होतात. यजमानांचा हेतू चांगला होता, पण एकदा छाटून थांबणे म्हणजे या झाडाची लागवड करणेच होय.

भारंगीची गोष्ट वेगळी काढून सांगतो, कारण हा घोळ पुन्हा होऊ शकतो. भारंगी या झाडाची चुलत बहीणच आणि पूर्वी तिलाही क्लेरोडेंड्रमच म्हणत. आता तिचे नाव रोथेका सेराटा असे आहे. तिची पाने लांबट, भाल्याच्या पात्यासारखी, देठ जवळजवळ नसलेली, आणि पुष्कळदा एका पेरावर तीन-तीन असतात. फुले निळसर-जांभळी, सुटी, शेंड्यावरच्या उभ्या तुऱ्यात येतात. पहिल्या पावसानंतर येणारी तिची कोवळी पाने उकडून, कडू पाणी टाकून भाजी करतात, ही कोकणातील जुनी रीत आहे आणि काकूंना ती ठाऊक आहे म्हणूनच त्यांची फसगत झाली. आपल्या झाडाचे पान रुंद, लांब देठाचे आणि दुर्गंधी आहे. ते खाण्याची रीत आपल्याकडे नाही. सासूबाईंच्या नाकाने योग्य तेच केले.


ओंजळ :

पानशिरा सरांचे विवेचन वाचून माझ्याही घरातले एक कोडे सुटले. पुण्यात आमच्या गॅलरीत आईने कुंडीत लावलेले हे झाड गेली सात-आठ वर्षे आहे आणि ते कधीही डोईजड झाले नाही, याचे कारण आज कळले: त्याला जायला जागाच नाही.

आगरवाट ताई, मला वाटते की सासूबाईंचा हट्ट मोडू नये. एक मोठी कुंडी किंवा सिमेंटचा हौद यांत एकच झुडूप ठेवले तर वर्षातून अनेक वेळा देवाला पुरतील इतकी फुले मिळतात. फक्त एक काळजी घ्यावी. आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी याच झाडाची कुंडी अंगणात मातीवर ठेवली होती, तर तळाच्या छिद्रातून मूळ बाहेर पडून वर्षभरात कुंडीभोवती रोपे उगवली आणि ती कुंडी जागेवरून उचलता येईना. कुंडी चिऱ्यावर किंवा पक्क्या फरशीवर, तळ मोकळा दिसेल अशी ठेवावी आणि सहा महिन्यांतून एकदा ती हलवून पाहावी. दोन वर्षांनी झाड बाहेर काढून मुळांचा वाढलेला गुंता कापावा लागतो, तो कचरा मात्र सोसायटीच्या खतखड्यात टाकू नये. हे आम्ही अनुभवाने शिकलो आहोत, तपशील सांगायची लाज वाटते.


कातळसडा :

मी राजापूर तालुक्यात बाग सांभाळतो. हजारी मोगऱ्याशी माझे दोन पावसाळे भांडण झाले आणि शेवटी मी जिंकलो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आधी माझी चूक सांगतो म्हणजे ती आपण करणार नाही.

माझ्याकडे गोठ्यामागे त्याचे दाट बेट झाले होते. मी यंत्र बोलावून ती जागा खणून घेतली आणि निघालेली माती वाया कशाला घालवायची म्हणून आंब्याच्या कलमांच्या आळ्यांत भरली. यंत्राने मुळे उपटली नव्हती, त्यांचे बोट-बोटभर तुकडे केले होते. त्या पावसाळ्यात गोठ्यामागे बेट उगवले ते उगवलेच, शिवाय अकरा कलमांच्या बुंध्यांशी नवीन रोपे आली. पानशिरा सरांनी वर माणसाच्या हाताविषयी जे लिहिले आहे, तो हात माझाच समजावा.

पुढे जे उपयोगी पडले ते असे. खणायचे तर पाऊस ओसरत असताना खणावे, म्हणजे जमीन मऊ असते आणि मूळ न तुटता लांब निघते. कडक उन्हाळ्यात आपल्याकडची जांभी माती दगडासारखी होते आणि ओढलेले मूळ मध्येच तुटते. सुरुवात बेटाच्या मध्यापासून करायची नाही. सर्वांत बाहेरचा कोंब शोधावा, त्याच्या पुढे हातभर जागा सोडून तेथून आत यावे, आणि कुदळीने घाव न घालता पहार किंवा खुरप्याने माती सैल करून मूळ दोरीसारखे उकलत न्यावे. माझ्या जागेत बहुतेक मुळे वीत-दीड वीत खोलीत होती, आपण लिहिलेही तसेच आहे, त्यामुळे काम कष्टाचे असले तरी खोल नाही. एका माणसाला सकाळच्या दोन तासांत खाटेएवढी जागा नीट साफ करता येते. त्याहून घाई केली की तुकडे मागे राहतात.

निघालेली मुळे शेणखताच्या खड्ड्यात, गडग्यापलीकडे (दगडी कुंपणाबाहेर) किंवा पऱ्यात (ओढ्यात) मुळीच टाकू नयेत. मी ती कातळावर पसरून वाळवली आणि काडीसारखी कटकन मोडू लागल्यावरच जाळली. पावसाची सर असेल तर पडवीत गोणपाटावर ठेवावीत, नाहीतर ओलाव्याने पुन्हा फुटतात.

इतके करूनही तुकडे राहतातच. त्यांच्यासाठी दर पंधरा दिवसांनी फेरी मारायची आणि कोंब दोन-चार पानांचा असतानाच मुळाच्या तुकड्यासकट काढायचा, आणि तुकडा निघत नसेल तर निदान कोंब खुडायचा. पान मोठे झाले की ते मुळाला अन्न पाठवू लागते, म्हणून त्याला तेवढी सवडच द्यायची नाही. सरांनी सांगितले आहे की छाटून थांबणे म्हणजे लागवड. मी त्यात भर घालतो की छाटत राहणे हा उपाय आहे, फक्त एकदाही खंड पडू द्यायचा नाही. माझ्याकडे दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस कोंब येणे थांबले. घाणेरीसारखे याचे बी पाखरांबरोबर येत नसल्याने एकदा जागा स्वच्छ झाली की ती स्वच्छच राहते, हा मोठा दिलासा आहे. घाणेरीशी लढताना तो मिळत नाही.

ज्या भागात लगेच काही लावायचे नाही तेथे खणण्याऐवजी झाकणेही चालते. कोंब जमिनीलगत कापून त्यावर जाड पुठ्ठ्याचे दोन-तीन थर, वर पातेरा (वाळलेला पाला) आणि झावळ्या, आणि वाऱ्याने उडू नये म्हणून कडांना चिरे. कडेने कोंब निसटतात, त्यांवर लक्ष हवे. पुठ्ठा कोकणातल्या पावसात एका मोसमात कुजतो, तेव्हा तो पुन्हा घालावा लागतो.

फरशीखाली गेलेल्या मुळासाठी फरशी उखडू नये. तिच्या दोन्ही बाजूंचे मूळ तोडावे आणि फटीत येणारा कोंब खुडत राहावा. मागून अन्न येणे बंद झाल्यावर त्या तुकड्याची शिदोरी संपते. हळदीच्या वाफ्यात तर आता हात घालूच नये, उगाच गड्डे दुखावतील. पौष-माघात हळद काढताना तो वाफा खणावाच लागणार, तेव्हा मुळे वेचावीत. बियाण्याची हळद कोणाला देणार असाल तर गड्ड्यांच्या मातीत पांढरे मूळ गुंतलेले नाही, हे पाहूनच द्यावी.

तणनाशकाविषयी माझे मत स्पष्ट आहे. आपल्या मनात ग्लायफोसेट असेल, तर ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने काढलेल्या अधिसूचनेत त्याचा वापर कीटकनाशक फवारणीच्या परवानाधारक व्यावसायिकांपुरता मर्यादित केलेला आहे. घरच्या पंपाने स्वतः फवारण्याची गोष्ट त्यात बसत नाही. ते बाजूला ठेवले तरी मोरी, विहीर, हळद आणि फणसाची मुळे इतक्या जवळ असताना मी ते माझ्या परसात वापरणार नाही. शिवाय बारा फूट बाय आठ फुटांची जागा ही हाताने उरकण्याजोगी आहे.


चाफेकळी :

एक सूचना. जागा मोकळी झाली की तेथे तत्काळ काहीतरी लावावे, नाहीतर त्या उघड्या मातीत दुसरे तण येईल. भारंगीच लावता येईल, म्हणजे काकूंची भाजीही होईल आणि फुलपाखरेही येतील. दाट पाकळ्यांच्या हजारी मोगऱ्यावर मला फुलपाखरू रमलेले क्वचितच दिसते, भारंगीवर मात्र पावसाळ्यात सतत वर्दळ असते. आमच्याकडे रानात याच गोतातला भांडीरही होतो. त्याची फुले एकेरी पांढरी, आतून लालसर, मिशांसारखे लांब पुंकेसर बाहेर आलेले, आणि नंतर लाल चांदणीवर काळे फळ बसवल्यासारखे दिसते. तोही सुंदर आहे.


पानशिरा :

चाफेकळी, भारंगीच्या सूचनेला अनुमोदन देतो. भांडीर मात्र परसात आणण्यापूर्वी विचार करावा. तो येथलाच असला तरी मुळांवरून फुटवे काढण्याच्या बाबतीत हजारी मोगऱ्याचाच भाऊ आहे, आणि त्याला बीही धरते. गडग्यापलीकडे, आगराच्या टोकाला त्याला जागा द्यावी.

भारंगी लावण्याचीही घाई करू नये. जुन्या मुळांचे कोंब अजून येत असताना तेथे भारंगीची कोवळी रोपे लावली तर काकूंना कोणते पान खुडायचे हा प्रश्न पुन्हा पडेल. पहिले वर्ष त्या जागी झेंडू किंवा अळू लावावे. त्यांच्यात हजारी मोगऱ्याचा कोंब लांबूनही वेगळा ओळखता येतो.


आगरवाट :

सर्वांचे मनापासून आभार. दिवाळी झाली, म्हणून आता काय झाले ते कळवते.

एक झुडूप मुळांसह काढून, सासूबाईंच्या देखरेखीखाली, जुन्या सिमेंटच्या डोणीत लावले आहे. डोणी तुळशीवृंदावनाशेजारच्या फरशीवर दोन चिऱ्यांवर ठेवली आहे. सासूबाईंना आम्ही झाड टाकणार नाही हे पटल्यावर परसातील बाकीच्या झाडाविषयी त्यांनी एका शब्दानेही विरोध केला नाही. तणनाशकाचा विषय यजमानांनी आपणहून सोडला, कारण कातळसडा यांचा आंब्याच्या आळ्यांचा किस्सा वाचून त्यांना जरा हायसे वाटले की चुका करणारे आपण एकटेच नाही.

आम्ही फणसाच्या बाजूचा निम्मा पट्टा खणला आणि उरलेला पुठ्ठा व झावळ्यांनी झाकला. मुळांच्या दोन गोणी निघाल्या, त्या पडवीत वाळत आहेत. पहिल्या फेरीत ६३ कोंब मिळाले, दुसऱ्या फेरीत ४१, आणि कालच्या फेरीत २६. काकू आता स्वतःच कोंब उपटून मला आणून दाखवतात. पान चुरगळून नाकाशी नेल्याशिवाय भारंगी म्हणायचे नाही, असे त्यांनी ठरवून टाकले आहे.

एक अडचण उरली आहे. विहिरीच्या बांधकामात, पाण्यापासून चार-पाच हात वर, चिऱ्यांच्या सांध्यातून दोन कोंब बाहेर आले आहेत. यजमान शिडी लावून ते ओढून काढायचे म्हणत आहेत. ओढावेत का?


कातळसडा :

ओढू नयेत. जुन्या विहिरीचे चिरे बहुधा सुके रचलेले असतात आणि सांध्यात शिरलेले मूळ ओढताना एखादा चिरा सरकला तर झाडापेक्षा मोठे काम मागे लागेल. ते कोंब तेथे बी पडून आलेले नाहीत, म्हणजे त्यांचे मूळ कठड्याबाहेरच्या जमिनीतूनच आत गेले असले पाहिजे. विहिरीत उतरण्याऐवजी कठड्याभोवती हात-दीड हात अंतर ठेवून वीत-दीड वीत खोल चर मारावा आणि विहिरीकडे जाणारे प्रत्येक पांढरे मूळ तेथेच तोडावे. बाहेरच्या बाजूचे मूळ उकलून काढून टाकावे. आतले कोंब लांब काठीला विळा बांधून वरूनच छाटत राहावेत. शिडी लावायचे काम मार्चमध्ये पाणी खाली गेल्यावर, दुसरा माणूस वर उभा असतानाच करावे.


आगरवाट :

चर उद्या सकाळीच मारतो. मुळे सापडली की किती निघाली ते येथे लिहीन.